फरशीवर काय घालावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत भाषण म्हटले की विषय जरा भारदस्त असावा अशी रीत आहे. मी मात्र आज आपल्या पायाखालच्या फरशीविषयी बोलणार आहे. चिटणीसबाईंना विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, "फरशीच ना?" मी म्हटले, "हो, फरशीच." कारण गेले दोन हिवाळे भिशी असो की हळदीकुंकू असो, हा विषय निघाला नाही असे झालेले नाही. कुणाच्या टाचा दुखतात, कुणाच्या सासूबाईंचे गुडघे धरतात, कुणाला रांगते मूल फरशीवर सोडायला जीव धजत नाही. आणि त्यावर उपाय म्हणून दुकानदार मंडळी काय काय दाखवतात! कुणी फेसाची गुंडाळी काढतो, कुणी लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या, कुणी चांदीसारखा चकचकणारा कागद. सगळ्यांचे नाव एकच, इन्सुलेशन. आपण त्याला उष्णतारोधक थर म्हणू. घरभर तो घालून घ्यायचा म्हणजे खर्च लहान नव्हे, आणि एकदा चिकटवला की काढणेही सोपे नव्हे. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी थोडे समजून घेतलेले बरे.

आधी फरशी गार असते म्हणजे काय ते पाहू. आज रात्री निजण्यापूर्वी स्वयंपाकघरात एक स्टीलचे ताट आणि एक लाकडी पाट शेजारी शेजारी ठेवा. सकाळी दोन्हींवर तळहात ठेवून पाहा. ताट गार लागेल, पाट तितका लागणार नाही. पण घरात तापमापक असेल आणि तो दोन्हींना लावला, तर आकडा एकच येईल. रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या दोन वस्तूंचे तापमान निरनिराळे असणार कसे? फरक आहे तो त्यांच्या स्वभावात. आपल्या हाताची ऊब ताट भराभर ओढून घेते. पाट ती जागच्या जागी राहू देतो. पायाला गार लागते ते आपलीच ऊब निघून जात असते म्हणून.

हा स्वभाव मोजता येतो. सारख्या जाडीच्या ग्रॅनाइटमधून उष्णतेचे १०० भाग पार होत असतील, तर हल्लीच्या विट्रिफाइड फरशीतून सुमारे ४०, सागवानी फळीतून सुमारे ६, बुचाच्या पत्र्यातून २ च्या आत आणि स्तब्ध हवेतून जेमतेम १ भाग पार होतो. या यादीतला शेवटचा आकडा लक्षात ठेवा. लोकर काय, कापूस काय, बूच काय, नाहीतर तो कारखान्यातला फेस काय, खरे काम त्यांच्यात अडकून पडलेली हवाच करते. पदार्थ म्हणजे हवेला धरून ठेवणारी पिशवी, एवढेच. दुकानदाराचे लांबलचक वर्णन ऐकताना मनात एवढाच प्रश्न विचारावा की याच्यात हवा किती अडकली आहे, आणि माझ्या वजनाने ती दबून बाहेर तर जाणार नाही?

आपल्या पाटाकडे या दृष्टीने एकदा पाहा. वर लाकडाची फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या, आणि त्यामुळे फळी व जमीन यांच्यामध्ये बोटभर हवा. जेवायला बसणाऱ्याला जमिनीचा गारवा लागू नये म्हणून याहून सोपी युक्ती कोणती? पूजेला बसताना घोंगडीचे किंवा दर्भाचे आसन घेत, त्यात धर्म असेल तो असो, ऊबही होती. सारवलेली जमीनदेखील शहाबादी फरशीइतकी गार लागत नसे. माती, शेण, भुसा यांचा तो पोकळसर थर होता. शहाबादी आली, मग मोझॅइक, मग कोटा, मग आरशासारखी विट्रिफाइड. घरे झाडायला-पुसायला सोपी झाली, याबद्दल मी त्या फरशीला दुवाच देईन. पण प्रत्येक पायरीला पायाखालची हवा कमी होत गेली. आणि आपण घरात चपला घालणारी माणसे नव्हे.

आता एक घोटाळा दूर केला पाहिजे. उष्णतारोधक थर ऊब निर्माण करीत नाही. गोधडीत कुणी निजले नसेल तर ती रात्रभर गारच राहते. परदेशी घरांतून हे थर घालतात त्याचे कारण वेगळे आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या लेकी-सुना इंग्लंडात, कॅनडात संसार करतात. तिथे हिवाळ्यात महिनोन् महिने घर तापवावे लागते, आणि ती विकतची ऊब जमिनीवाटे निसटू नये म्हणून फरशीखाली थर घालतात. नीट घालायचा तर तो चांगला १० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड लागतो. जुन्या घरात इतकी जमीन वर उचलली तर दारे अडतात, जिन्याची पहिली पायरी बुटकी होते. म्हणून मग ६ किंवा १० मिलिमीटरच्या, वरून सिमेंटचा हात दिलेल्या कडक फेसाच्या पाट्या निघाल्या आहेत. त्यांच्यावर विजेच्या तारांची जाळी, तिच्यावर फरशी. खाली पाटी असल्यामुळे तारांची ऊब काँक्रीटमध्ये मुरत न बसता लवकर वर येते. तिथे ते योग्यच आहे. पण मुलीने व्हिडिओवर दाखवलेली पाटी पाहून आपण इथे तीच शोधत बसू नये. आपण घर तापवत नाही. न तापवलेल्या घरात फरशीच्या खाली कितीही चांगला थर घातला, तरी वरची फरशी ती फरशीच. तळपायाची ऊब ती पहिल्या क्षणी ओढणारच.

म्हणून आपल्याकडे थर हवा तो फरशीच्या वर, जिथे पाय प्रत्यक्ष टेकतो तिथे. एकदा हे पटले म्हणजे निम्मा खर्च आपोआप वाचतो, कारण वरचा थर पातळ असला तरी भागते. साधा हिशेब पाहा. बुचाचा अवघा ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा उष्णतेला जितके अडवतो, तितके अडवायला ग्रॅनाइट सुमारे १८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर जाड लागेल.

याला दोन अपवाद आहेत. ज्यांच्या घराखाली गाड्या उभ्या करण्याची उघडी जागा आहे, त्यांच्या फरशीखालून हिवाळ्यात रात्रभर वारा वाहतो. त्यांची फरशी नुसती गार लागते असे नव्हे, तापमापकाने मोजली तरी गार भरते. पुण्या-नाशकाकडे पौषात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. त्यांनी थर खालून, म्हणजे त्या जागेच्या छताला लावता येईल का ते पाहावे. घरातली उंची तसूभरही जात नाही. पण ती जागा सर्वांची, तेव्हा सोसायटीची परवानगी हवी. आणि गाड्यांच्या डोक्यावर लावायचा पदार्थ आग न धरणारा हवा, यात तडजोड नको. दुसरा अपवाद वातानुकूलित खोलीचा. तिचे गणित परदेशी घरासारखेच, फक्त उलटे. गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्या भगिनींनी मात्र फरशीचा विचार सोडून आधी गच्चीकडे पाहावे. त्यांचा शत्रू डोक्यावर आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते, कारण ती कुणी दुकानदार सांगत नाही. आपला हिवाळा तीन महिन्यांचा. उरलेल्या नऊ महिन्यांत हीच गार फरशी आपल्यावर उपकार करीत असते. वैशाखात दुपारची जेवणे उरकली की आपण मुद्दाम उघड्या फरशीवर पदर पसरून आडव्या होतो, ते का? जमिनीच्या पोटात काही मीटर खाली उन्हाळा-हिवाळा फारसा पोहोचत नाही. तिथले तापमान वर्षाच्या सरासरीजवळ राहते, आणि पुण्यात ही सरासरी २५ अंशांच्या आसपास आहे. बाहेर ४० अंशांची लाही होत असताना तळमजल्याच्या घराला जमिनीचा हा गारवा फुकट मिळतो. पूर्ण घरात फळ्या किंवा फेसाचा थर चिकटवून टाकला, म्हणजे तीन महिन्यांच्या सुखासाठी तो गारवा बारा महिने बंद केला. पंखा वाढेल, कदाचित वातानुकूल यंत्र घ्यावे लागेल, आणि विजेचे बिल पाहून आपण सरकारला बोल लावू! तळमजल्यावर राहणाऱ्या कुणीही घरभर थर चिकटवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे घालायचे ते उचलता येणारे असावे. दिवाळी झाली की काढावे, होळी झाली की ऊन दाखवून गुंडाळून ठेवावे. आपल्या आज्या सतरंज्या आणि घोंगड्यांचे हेच करीत.

तर मग काय घालावे? घरात असलेल्या वस्तूंपासून सुरुवात करू. सुती सतरंजी एकेरी घातली तर स्पर्शाचा गारवा जातो, पण बसून राहिले की थोड्या वेळाने जमीन जाणवते. दुहेरी घातली की बरे. प्लॅस्टिकची विणलेली चटई दिसायला मोठी, कामाला थोडी. तिच्यात हवा अडकायला जागाच नाही. काथ्याची चटई पायाला बोचते, म्हणून ती खाली घालून वर सतरंजी घालावी. दोहोंची मिळून छान जोडी होते. घोंगडीला मात्र मी पहिला नंबर देईन. धनगरांच्या मेंढ्यांची ही जाडीभरडी लोकर. तिच्यात भरपूर हवा अडकते, आणि थोडा ओलावा शोषूनही ती ओली लागत नाही. दोष दोन. एक, कसर लागते. त्यासाठी ऊन आणि कडुलिंबाचा पाला हे जुने उपाय आहेतच. दुसरा, गुळगुळीत फरशीवर ती सरकते. त्याविषयी पुढे बोलायचेच आहे.

विकत घेण्याच्या वस्तूंत बूच मला फार आवडते. आपल्याकडे पांढऱ्या सुवासिक फुलांचे बुचाचे झाड असते, ते हे नव्हे. खरे बूच पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओक वृक्षाच्या सालीचे असते. जगातले जवळजवळ अर्धे बूच एकट्या पोर्तुगालातून येते. झाड तोडावे लागत नाही. ते सुमारे २५ वर्षांचे झाले की पहिल्यांदा साल काढतात, आणि पुढे दर नऊ-दहा वर्षांनी. या सालीत डोळ्यांना न दिसणारे बंद कप्पे असतात आणि प्रत्येकात हवा. वजन पडले की ते दबतात, उचलले की पुन्हा फुगतात. म्हणून बूच पातळ असूनही पायाला उबदार आणि मऊ लागते. ३ ते ६ मिलिमीटरचा पत्रा आपल्या कामाला पुष्कळ. मात्र वरून रोगण दिलेले घ्यावे. नुसते घेतले तर तेलाचा एक थेंब कायमचा मुरतो. जड कपाटाचे पाय त्यावर ठेवू नयेत. आणि हो, ते स्वस्त नाही.

लिनोलियम आपल्या आईच्या पिढीला ठाऊक होते. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. जवसाचे तेल आटवून त्यात बुचाचा भुसा घालायचा आणि गोणपाटावर थापायचे, अशी ती कृती. नावातच जवस आहे. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. आज दुकानात लिनोलियम म्हणून दाखवतात ते बहुधा प्लॅस्टिकचे व्हिनाइल असते. ते वाईट असे नाही. पाण्याला घाबरत नाही, पुसायला सोपे, आणि खालून फेसाचे अस्तर असेल तर पायाला बरे लागते. दोन मिलिमीटरचे बिनअस्तराचे घेतले तर मात्र रंग बदलेल, गारवा फारसा बदलणार नाही. हल्ली व्हिनाइलच्या कडक फळ्याही मिळतात. त्यांचा गाभा दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक यांचा असतो. पाण्याला त्या उत्तम. पण लाकडासारख्या दिसतात म्हणून लाकडासारख्या उबदार असतील असे समजू नये. दुकानात चपला काढून उभे राहून पाहावे. विक्रेता हसला तर हसू द्यावा.

लॅमिनेट म्हणून ज्या ८ मिलिमीटरच्या फळ्या मिळतात, त्या लाकडाचा भुगा दाबून केलेल्या असतात. त्या खरोखर उबदार लागतात, आणि ती ऊब त्या फळीचीच. तिच्याखाली जो दोन-तीन मिलिमीटरचा पांढरा फेस घालतात, तो मुख्यतः उंचसखलपणा झाकण्यासाठी आणि आवाज कमी करण्यासाठी. फेस "स्पेशल" आहे म्हणून जास्त पैसे मागितले तर हे आठवावे. पण लॅमिनेटचे आणि आपले एका बाबतीत जमत नाही. आपण फरशी पुसतो म्हणजे बादलीभर पाणी आणि पिळलेले-न-पिळलेले फडके. हे पाणी फळ्यांच्या सांध्यांत शिरले की फळीच्या कडा फुगतात, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. ज्या घरात वाळवी येऊन गेली आहे तिथेही हा विचार सोडून द्यावा.

राहिला तो चांदीचा कागद. तो उष्णता परत फेकतो हे खरे आहे, पण केव्हा? त्याच्या चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असेल तेव्हा. फरशी आणि फळी यांच्यामध्ये तो दाबून बसवला की उष्णता स्पर्शानेच पार जाते. आणि ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेण्यात किती पटाईत आहे, हे त्याच्या पातेल्यात दूध तापवणाऱ्या बायकांना मी काय सांगावे? त्या कागदाला फेस चिकटवलेला असेल तर काम करतो तो फेस. चांदीचे पैसे देऊ नयेत.

लहान मुलांसाठी एकमेकांत अडकवायचे रंगीत फेसाचे तुकडे मिळतात. ते बोटभर जाड, उबदार, आणि मूल पडले तरी लागत नाही. तेव्हा रांगत्या मुलापुरते चांगले. सांध्यांत खरकटे आणि पाणी साचते, म्हणून आठवड्यातून एकदा उचलून धुवावेत, आणि नवे आणले की वास जाईपर्यंत हवेशीर जागी पसरून ठेवावेत. पण देवघरापुढे किंवा गॅसच्या शेगडीजवळ फेसाचे काहीही घालू नका. समईची वात पडायला आणि कडकडीत तेलाचा शिंतोडा उडायला किती वेळ लागतो? फेस पेटला की वितळत जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तिथे घोंगडीचे आसन किंवा पाट बरा. लोकर सहजासहजी भडकत नाही.

ओलीविषयी दोन शब्द. ज्यांचे घर तळमजल्यावर आहे, आणि कोकणात ज्यांची घरे आहेत, त्यांनी काहीही चिकटवण्यापूर्वी एक परीक्षा करावी. दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा जाड कागद फरशीवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करावा आणि पुरा एक दिवस तसाच ठेवावा. काढल्यावर खाली दव दिसले किंवा फरशी काळवंडलेली दिसली, तर जमिनीतून ओल येते आहे. त्यावर थर घातला तर ओल जाणार नाही, झाकली जाईल. बुरशी मग आतल्या आत वाढते, आणि दमेकऱ्याच्या घरात ते फार महागात पडते. पावसाळ्यात तर हवेतली ओलच गार फरशीवर साचून तिला घाम येतो. थराखाली हा घाम सुकत नाही. म्हणूनही होळीनंतर गुंडाळा, असे मी म्हणते.

जाडी मोजण्याची सोपी युक्ती सांगते. दार बंद करावे, खालच्या फटीत एकावर एक नाणी ठेवून सरकवावीत. जितकी नाणी जातात तितकाच थर दार न तासता बसेल. न्हाणीघराचे दार आणि फ्रिजचे दार विसरू नये.

आणि आता ती सरकण्याची गोष्ट. म्हातारे माणूस घरात असेल, तर गार फरशीपेक्षा सरकणारी सतरंजी अधिक घातक आहे, हे मी आग्रहाने सांगते. गार फरशीने गुडघा दुखेल. पण पहाटे अंधारात उठताना पाय सरकून खुब्याचे हाड मोडले, तर त्या माणसाचे हिंडणे-फिरणेच संपू शकते. तेव्हा थर सुटा घालायचा असला तरी त्याखाली रबराची जाळी हवी. ती बाजारात मिळते आणि महाग नसते. कडा उचललेली नको, कोपरा दुमडलेला नको. न्हाणीघरातून ओल्या पायाने बाहेर येण्याच्या वाटेवर तर सुटे काहीच नको. मधुमेह जुना असेल तर तळपायांना गार-गरम नीट कळत नाही. असे माणूस "मला काही गार लागत नाही" म्हणाले, तरी पायमोजे घालायला लावावेत. आणि ऊब हवी म्हणून पायाशी गरम पाण्याची पिशवी देऊ नये, पाय भाजला तरी त्याला कळत नाही.

पायमोज्यांवरून सांगते, सर्वांत पातळ, सर्वांत स्वस्त थर म्हणजे पायातला. लोकरी मोजे, तळव्याला रबराचे ठिपके असलेले, किंवा घरात घालायच्या मऊ सपाता. स्वयंपाकघरात सपाता घातलेल्या काही सासूबाईंना चालत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यांना कापडाच्या, केवळ स्वयंपाकघरासाठी वेगळ्या ठेवलेल्या चालतात का, ते विचारून पाहावे. विचारल्याने पुष्कळ गोष्टी चालतात.

आपल्या मंडळातल्याच एका भगिनींच्या घरचे सांगते. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पहाटे पाचला उठणार, अनवाणी फिरणार, आणि मग दिवसभर गुडघे धरून बसणार. मुलाने ठरवले की घरभर लॅमिनेट घालायचे. साडेसहाशे चौरस फुटांचे घर; अंदाजपत्रकही आले. तेव्हा सुनेने एक काम केले. दोन दिवस सासूबाई कुठे कुठे उभ्या राहतात आणि बसतात ते नुसते पाहिले. पलंगाची कड, देवासमोरची जागा, ओट्यापुढची दोन पावले आणि दूरदर्शनपुढची खुर्ची. बस्स, चार जागा! पलंगाच्या कडेला सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद बुचाचा पत्रा, कडांना उतरती पट्टी लावून पक्का बसवला. ओट्यापुढे पाच फूट बाय दोन फूट, शेगडीपासून बाजूला, पाण्याला न भिणारे अस्तराचे व्हिनाइल. देवासमोर जुनाच पाट, त्यावर घोंगडीची घडी. खुर्चीपुढे पाय टेकायला दुसरा बुटका पाट. मिळून तीस चौरस फूटसुद्धा भरले नाही. सासूबाईंनी मोजे मात्र अजून मान्य केलेले नाहीत. वाटाघाटी चालू आहेत.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आणखी एक लाभ सांगायचा राहिला. ओट्याखाली जिथे खलबत्ता कुटतो तिथे बुचाचा किंवा रबराचा जाडसर तुकडा ठेवला, तर खालच्या बिऱ्हाडाच्या डोक्यावर घाव पडत नाहीत. आज शेजारची मंडळीही सभेला आली आहेत, म्हणून मुद्दाम बोलले.

मागच्या टेबलापाशी मी सतरंजीपासून बुचापर्यंत सात नमुने जमिनीवर मांडून ठेवले आहेत, आणि शेजारी एक ग्रॅनाइटचा तुकडाही. प्रत्येकाखाली त्याची जाडी लिहिली आहे. चहा घेताना कृपा करून हाताने चाचपून पाहू नका. चपला काढा, आणि एकेकावर मिनिटभर उभ्या राहा. ग्रॅनाइटवर शेवटी.